एका कमांडमध्ये पाच गावं

२ सप्टेंबर, सोमवार

उन्हाळ्यातली फक्त सकाळची कचेरी संपली. आजपासून पुन्हा दोन्ही वेळा. आजपासून रोजनिशीही. कुणाला दाखवायची नाही. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने टिपून ठेवलेलं बरं असतं.

आज प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाची गावांच्या सर्व्हरवर चढवली. हाताने. स्फॅक्स, गाबेस, गफ्सा, कैरवान, महदिया. प्रत्येक ठिकाणी तेच ते. सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम, थांबवा, जुनी प्रत बाजूला ठेवा, नवी आणा, सर्व्हिस सुरू करा, चालली का बघा. त्यात गाबेसची कमांड स्क्रीनवरच्या कैरवानच्या खिडकीत टाइप झाली. कैरवान दुपारभर बंद. दोष खिडक्यांचा. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या.

किडनीच्या पेशंटना घरून डायलिसिसला न्यायचं आणि परत आणून सोडायचं, हा आमच्या कंपनीचा धंदा. उद्या कोणत्या व्हॅनने कुणाला कुठून उचलायचं याची यादी आमचा प्रोग्रॅम करतो आणि संध्याकाळी ड्रायव्हरच्या फोनवर पाठवतो. व्हॅन मुन्सिफशेठच्या आहेत, पण त्या जागच्या हलतात माझ्यामुळे. हे शेठना माहीत असावं.

संध्याकाळी घरी येताना कल्पना सुचली. या सगळ्या कमांड एकदाच फाइलीत लिहून ठेवायच्या. शेल स्क्रिप्ट. रेसिपीसारखी. कोणतंही गाव द्या, कोणतीही सर्व्हिस द्या, फाइल चालवली की काम फत्ते. एक कमांड, पाच गावं. आयुष्यभराचं काम एका वेळच्या लिखाणात मिटणार.

शेठना फोन केला. म्हणाले, "किती दिवस लागतील?" मी म्हणालो, दोन आठवडे. ते म्हणाले, ट्युनिसची एक कंपनी मागे लागली आहे, सगळं आमच्यावर सोपवा म्हणते, त्यामुळे जे करशील ते लवकर कर. ट्युनिसवाले नेहमीच काहीतरी म्हणत असतात.


३ सप्टेंबर

रेसिप्या ठेवायला फोल्डर केला. नाव काय द्यावं यात सकाळ गेली. नाव महत्त्वाचं असतं, पुढे ते तोंडी बसतं. शेवटी 'मतबख' ठेवलं. स्वयंपाकघर. स्वतःवर बेहद्द खूश.

जेवताना सुंदुसला सांगितलं. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, इतकी वर्षं झाली लग्नाला, शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते तुला माहीत नाही, आणि स्वयंपाकघर उघडलंस. ती फार्मसीत काम करते. तिथे सगळं आयतं बाटलीत भरून येतं. निर्मितीच्या वेदना तिला कशा कळणार.


९ सप्टेंबर

पहिली रेसिपी तयार. काम झालं की 'यशस्वी' हिरव्या अक्षरांत, बिघडलं की 'अयशस्वी' लाल अक्षरांत. हिरव्याची छटा नीट जमायला वेळ लागला. आधीची जरा आजारी दिसत होती.

हेलाला दाखवलं. हेला माझी असिस्टंट. शेठ तिला इंजिनिअर म्हणतात, ते शेठचं झालं. तिने विचारलं, "सर, ही नेमकं करते काय?" म्हटलं, 'यशस्वी' छापते. म्हणाली, "कशात यशस्वी?" म्हटलं, ते पुढे भरायचं आहे. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

उद्यापासून दुपारी कॅफेत बसणं बंद.


१० सप्टेंबर

कॅफेत गेलो होतो. पण कामाच्याच विचारात होतो.


१८ सप्टेंबर

दोन आठवडे उलटले. शेठ स्वतः टेबलापाशी आले. काय झालं विचारलं. मी म्हणालो, पाया घालतोय. ते म्हणाले, "नौफल, पायाच घालतोयस ना? मला वाटलं विहीर खणतोयस."

शेठ मूळचे व्हॅनवाले. त्यांना दिसतं ते टायर. दिसत नाही ते इंजिन.

खरी अडचण अशी की रेसिपी फक्त आपल्या पाच गावांपुरती का असावी, हा प्रश्न मला परवा पडला. उद्या शेठ स्पेनमध्ये ऑफिस काढतील. मग? म्हणून आता ती कोणत्याही देशात, कोणत्याही मशीनवर, कोणत्याही सर्व्हिससाठी चालेल अशी लिहितोय. थोडा उशीर होईल. पण एकदा झाली की झाली.


२७ सप्टेंबर, शुक्रवार

नवी आवृत्ती तातडीची आली. महदियात एका पेशंटचं नाव दोनदा येत होतं, म्हणून एकाच्या दारात दोन व्हॅन उभ्या राहत होत्या आणि शेजारचा पेशंट वाट बघत होता. शेठ म्हणाले, आजच्या आज.

मी रेसिपीत कैरवान कसं लिहायचं ते ठरवत होतो. फ्रेंच स्पेलिंगने की अरबी उच्चाराप्रमाणे. दोन्ही चालायला हवं. तेवढ्यात हेलाने माझी कॉफी संपायच्या आत पाचही गावं करून टाकली. हाताने. एका कागदाच्या तुकड्यावर सगळ्या पायऱ्या लिहिल्या होत्या आणि एकेक झाली की पेन्सिलने खूण करत होती.

तिला प्रेमाने समजावलं. हाताने काम करायची सवय लागली की माणूस तिथेच अडकतो. म्हणाली, "हो सर. पण पेशंट बसलेत ना वाट बघत." नव्या पिढीला लांबचं दिसत नाही.


८ ऑक्टोबर

गफ्साचा दौरा. तिथला सर्व्हर ऑफिसच्या चहाच्या खोलीत आहे, वर साखरेचा डबा. हे खपवून घेतलं. पण आतली रचना बघून डोकं फिरलं. बाकी चार गावांत प्रोग्रॅम एका ठिकाणी, इथे भलत्याच फोल्डरात. त्याचं नाव काय, तर 'नवा२_शेवटचा'. कोणत्या गाढवाने हे केलं म्हणून शोधलं. फाइलींवर माझं नाव निघालं. म्हणजे कुणीतरी माझ्या नावाने आत शिरून हे करून गेलं. सुरक्षेकडे लक्ष द्यायला हवं. त्याची वेगळी रेसिपी करेन.

तिथला मॅनेजर म्हणाला, "तू आलास तेव्हाच हे बसवलंस, माझ्या डोळ्यांदेखत." त्याला जवळचा चष्मा लागलेला आहे.

रेसिपीत गफ्सासाठी खास अपवाद घातला. मग लक्षात आलं, कैरवानसाठीही लागेल. नंतर महदियासाठी. रात्रीच्या बसने परत. पाठ दुखतेय.


१६ ऑक्टोबर, बुधवार

बाबा खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस. अम्मारची व्हॅन सकाळी दारात येते. अम्मार चांगला ड्रायव्हर, बडबड्या आहे इतकंच.

बाबा आज परत आल्यावर त्यांच्याजवळ बसलो. डायलिसिसच्या दिवशी ते थकतात, बोलत नाहीत. आज बोलले. म्हणाले, "अम्मार सांगत होता, माझं नाव त्याच्या फोनवर येतं. ते तू पाठवतोस?" मी म्हणालो, हो, मीच. म्हणाले, "मग ठीक." आणि डोळे मिटले.

बाबांनी आयुष्य रेल्वेत काढलं, फॉस्फेटच्या गाड्यांना सिग्नल देण्यात. त्यांच्या तोंडून 'मग ठीक' म्हणजे मेडल.

रेसिपीवर रोज चार तास. ठरलं.


२२ ऑक्टोबर

काही झालं नाही. आमच्या स्फॅक्सच्या काळ्यापांढऱ्या जर्सीवाल्यांनी फुटबॉलची मॅच घालवली. काम करायला मन कसं लागणार.


४ नोव्हेंबर

आज पहिली चाचणी. टेस्टच्या मशीनवर रेसिपी चालवली. सगळ्या पायऱ्या हिरव्या. मन भरून आलं. हेलाला बोलावलं. तिने काय केलं, तर मशीनची नेटवर्कची वायर उपटली आणि म्हणाली, आता चालवा.

चालवली. सगळं हिरवं.

ती म्हणाली, "सर, वायर काढलीय. ही कुणाशी बोलली?" मी म्हणालो, हे तपासून बघतो. तिने फाइल उघडली, खाली बोट दाखवलं. म्हणाली, "ही विचारते, सर्व्हिस चालू आहे का. पण उत्तराची वाटच बघत नाही. विचारते आणि 'यशस्वी' छापून मोकळी होते."

बारीक गोष्ट आहे. मूळ कल्पनेला धक्का नाही. दुरुस्त करायच्या गोष्टींत लिहून ठेवलं.

घरी सुंदुसला सांगितलं, की अशी अशी माझी स्क्रिप्ट विचारते पण उत्तर ऐकत नाही. ती म्हणाली, "ओळखीची वाटते." यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.


१४ नोव्हेंबर

ट्युनिसचा माणूस आला. नाव गैथ. केसांना काहीतरी चोपडलेलं, पायात मोजे नाहीत. मीटिंगमध्ये मी परीक्षकाच्या भूमिकेत होतो. त्याला अवघड प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली, पण आवाजात खोली नव्हती.

त्यांचं म्हणणं, गावोगावचे सर्व्हर काढून टाका, सगळं आमच्याकडे ट्युनिसला ठेवा, आम्ही सांभाळतो. शेठ माझ्याकडे वळले. म्हणाले, "नौफल, तू सप्टेंबरपासून काहीतरी शिजवतोयस. ताटात कधी पडणार?"

मी म्हणालो, म्हणाल तेव्हा. तोंडून निघून गेलं, पण निघालं ते रुबाबात.

शेठनी दिवस ठरवला. चोवीस तारीख, रविवार. डायलिसिस सेंटर बंद असतं, व्हॅन उभ्या असतात. नवी आवृत्ती पाचही गावांत एका कमांडने, सगळ्यांसमोर. चाललं तर ट्युनिसला नकार. नाही चाललं तर पुढचं पुढे. गैथ म्हणाला, मला बघायला आवडेल. बघ म्हणावं.


१९ नोव्हेंबर

कामाचा डोंगर. आज रेसिपीच्या सुरुवातीला कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत दिसेल असं केलं, ताऱ्यांची चौकट घालून. पाहुणे येणार म्हणजे एवढं हवंच.

हेलाने विचारलं, ते उत्तराची वाट बघण्याचं झालं का. म्हटलं, यादीत आहे.


२४ नोव्हेंबर, रविवार

हा दिवस विसरणार नाही.

दुपारी ऑफिसात शेठ, गैथ, हेला. मी निळा कोट घातला होता. शेठनी खुर्ची ओढली. मी दोन शब्द बोललो, भविष्यावर. मग एक कमांड. एकच.

ताऱ्यांची चौकट आली. मग स्फॅक्स, यशस्वी. गाबेस, यशस्वी. गफ्सा थोडं थांबलं, मग यशस्वी. कैरवान. महदिया. सगळीकडे हिरवंगार.

शेठ उठले आणि मला मिठी मारली. त्यांच्या कोटाला डिझेलचा वास येतो, तरी छान वाटलं. म्हणाले, "शिजलं बाबा एकदाचं." गैथने हात मिळवला, ओठ घट्ट मिटून.

हेला म्हणाली, आता एकेका गावात शिरून बघू या का, खरंच चालू आहे ना. तिच्या हातात तो पायऱ्यांचा कागद होताच. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, सगळ्यांसमोर असं बोलायचं नसतं. विश्वास म्हणून काही असतं की नाही. शेठही म्हणाले, चल ग पोरी, आज रविवार आहे.

संध्याकाळी सुंदुसला आणि तिच्या भावाला समुद्रावर मासे खायला नेलं. तिने विचारलं, खरंच जमलं? म्हटलं, डोळ्यांनी बघितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. फोन सायलेंटवर टाकला. एक संध्याकाळ माझी.


२५ नोव्हेंबर, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहायचं ठरवलं आहे.

उशिरा उठलो. एवढ्या मोठ्या कामानंतर तेवढा हक्क होता. सुंदुसच्या आवाजाने जाग आली. ती फार्मसीला निघाली होती आणि खाली दारात बाबा दिसले. पायरीवर बसलेले. मांडीवर पिशवी, खांद्यावर घोंगडी. उजाडायच्या आधीपासून बसले होते. व्हॅन आलीच नव्हती.

तिने विचारलं, वर हाक का नाही मारली? म्हणाले, "नौफल पाठवतो ना. मग येईल की."

सुंदुसने त्यांना आपल्या गाडीत घालून नेलं. मी फोन बघितला. अम्मारचे कॉल, गाबेसचे, महदियाचे, शेठचे. मोजले नाहीत.

घडलं ते असं. रेसिपीने सर्व्हिस थांबवली, जुनी प्रत बाजूला ठेवली. नवी प्रत मात्र चुकीच्या फोल्डरात जाऊन पडली. मी अपवाद घालताना कुठेतरी जागा बदलली असणार. सर्व्हिस उठली, जागेवर काही सापडलं नाही, पुन्हा पडली. वर 'यशस्वी'. पाचही गावांत. संध्याकाळी एकाही ड्रायव्हरला यादी गेली नाही. काहींना वाटलं सुट्टी असेल. काहींनी फोन करून बघितला.

ऑफिसात पोचलो तेव्हा हेला तिचा कागद समोर ठेवून शेवटचं गाव सुरू करत होती. माझ्याकडे बघितलं नाही. शेठ फोनवर होते. एकेका पेशंटच्या घरी स्वतः फोन लावत होते, माफी मागत होते. महदियात एका बाईंना धाप लागली. शेजाऱ्यांनी मासळीच्या टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं. आता बऱ्या आहेत म्हणे.

बाबांची डायलिसिसची खुर्ची तोवर दुसऱ्याला दिली होती. त्यांचा नंबर संध्याकाळी लागला. दिवसभर सेंटरच्या बाकावर बसून होते. मी जाऊन बसलो शेजारी. मी म्हणालो, बाबा, थोडी तांत्रिक अडचण आली. ते म्हणाले, "सिग्नल खोटा हिरवा दाखवला की गाड्या आपटतात. आमच्यात त्याला अडचण म्हणत नसत."




२ डिसेंबर

शेठसाठी अहवाल लिहिला. कमांड चालली हे कुणी नाकारू शकत नाही. पाची गावांपर्यंत पोचली हेही नाही. सर्व्हिस थांबवणं आणि जुनी प्रत बाजूला ठेवणं हे टप्पे निर्दोष झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त यश. फक्त शेवटाकडे गोंधळ. शिवाय ड्रायव्हरांनी सुट्टी आहे असं मानलं, याला मी जबाबदार नाही.

शेठनी अहवाल वाचला, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. रागावले असते तर बरं झालं असतं.

सुंदुस बोलते. मीठ दे, दार लाव, एवढं. बाबांना आता तीच सेंटरवर सोडते, व्हॅन चालू झाली तरी. मी म्हणालो, आता सगळं सुरळीत आहे. ती म्हणाली, "रविवारीही सुरळीतच होतं."


११ डिसेंबर

शेठनी ट्युनिसवाल्यांशी करार केला. नव्या वर्षापासून सगळं तिकडे.

मी खचलो नाही. उलट आता माझं काम मोठ्या माणसांच्या नजरेखालून जाणार. सबंध 'मतबख' फोल्डर गैथला पाठवून दिला. सोबत पत्र, की तुम्ही हे पाया म्हणून वापरू शकता, मला फक्त श्रेय द्यावं. उत्तराची वाट बघतोय.


१३ डिसेंबर

उत्तर आलं. "धन्यवाद. चौकट छान आहे."


२३ डिसेंबर

ट्युनिसवाल्यांनी हेलाला घेतलं. स्फॅक्सची जबाबदारी तिच्याकडे. पगार सांगितला नाही, पण नवा कोट घालून आली होती. माझ्या हाताखाली तयार झाली म्हणून अभिमान वाटला. तसं तिला बोललो. ती म्हणाली, "हो सर, खूप शिकले." मग म्हणाली, "सर, तुम्ही रेसिपी वाईट लिहिली नव्हती. एक ओळ ऐकायची राहिली होती. तेव्हाच बसून केली असती तर मी मदत केली असती." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं.

ती गेल्यावर फाइल उघडून ती ओळ लिहिली. पाच मिनिटांचं काम निघालं. चाचणी घेतली. वायर काढली, लाल आलं. पुन्हा लावली, हिरवं आलं. बराच वेळ वायर काढत नि लावत बसलो. ऑफिसात कुणी नव्हतं.


३१ डिसेंबर

शेवटची व्हॅन परतल्यावर गावोगावचे सर्व्हर कायमचे बंद करायचे होते. शेठ म्हणाले, हेला करेल. मी म्हणालो, मला करू द्या. ते म्हणाले, "बंदच करायचंय ना. कर."

'थांबवा' ही रेसिपी एकटीच चालवली. एका कमांडमध्ये पाच गावं. आता ती उत्तराची वाट बघते. स्फॅक्स थांबलं. गाबेस थांबलं. गफ्सा, कैरवान, महदिया. सगळी हिरवी, आणि या वेळी खरी. मी पाची ठिकाणी फोन करून खात्री केली. गफ्साचा मॅनेजर म्हणाला, पंख्याचा आवाज बंद झाला, खोली कशी शांत वाटतेय. मग विचारलं, आता हे मशीन हलवलं तर चालेल ना, चहाला जागा होईल.

म्हटलं, चालेल.

शेठना सांगायला गेलो, की साहेब, पहिल्या फटक्यात झालं. ते नव्या वर्षाच्या केकचा डबा हातात घेऊन जिना उतरत होते. म्हणाले, "शाबास," आणि उतरून गेले.


६ जानेवारी

ऑफिसात आता माझं काम उरलं नाही. नोकरी शोधायला सुरुवात. माझ्या अनुभवाच्या माणसाला वेळ लागणार नाही. फक्त घाई करायची नाही. आधी अर्जाला साजेसा फॉन्ट शोधतोय.

शेठचा फोन आला. अम्मार इटलीला गेला, भावाकडे, न सांगता. ड्रायव्हर हवा. शेठ म्हणाले, "लायसन्स आहे ना तुझ्याकडे? घरी बसून काय करशील." आधी अपमान वाटला. मग विचार केला, की ही सिस्टिम बाहेरून बघायची संधी आहे. ड्रायव्हरच्या अडचणी जवळून कळतील. पुढे त्यावर काही करता येईल. तात्पुरतंच आहे.

सुंदुसला हेच सांगितलं. म्हणाली, "जमेल तुला. गाडी थांबली की थांबलेली कळते." आणि माझ्यासाठी जाड स्वेटर काढून ठेवला. हे चांगलं लक्षण आहे.


१३ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस.

काल संध्याकाळी यादी फोनवर आली. वेळेवर, नीट, नावं, पत्ते, क्रम. खाली हेलाचं नाव. पहिलंच नाव बाबांचं होतं. सुंदुसला म्हणालो, उद्यापासून मी नेतो.

पहाटे व्हॅन दारात आणून उभी केली तेव्हा बाबा पायरीवर होते. घोंगडी, पिशवी. मी उतरून दार उघडलं. हात पुढे केला. त्यांनी हात धरला, वर चढले. मी पुढची सीट झटकून ठेवली होती. ते मागे जाऊन बसले.

नंतर नजीबाखालांचा थांबा. म्हाताऱ्या, जाड भिंगाचा चष्मा, अम्मारची सवय झालेली. त्या बाबांच्या शेजारी बसल्या आणि निघाल्या निघाल्या माझ्या पाठीकडे बघून हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं:

"अम्मार कुठाय? हा कोण नवा?"

बाबा म्हणाले, "अम्मार गेला इटलीला. हा कोण ते मला ठाऊक नाही. पण वेळेवर आला."